तीन रेषांची खूण

ठाण्यात राहून मी जीवाश्म बीजाणूंवर, म्हणजे नेच्यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पती ज्यांतून रुजतात त्या सूक्ष्म कणांच्या जीवाश्मांवर, काम करते असे सांगितले की ऐकणारा हमखास येऊरच्या डोंगराकडे बोट दाखवतो. तो डोंगर बेसाल्टचा, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा. त्यात बीजाणू शोधण्यात अर्थ नाही. (वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, हे मात्र मी आवर्जून सांगते.) माझे नमुने येतात चंद्रपूरकडच्या कोळसा पट्ट्यातून : बोअरमधून काढलेला दगडी कोळसा आणि त्याच्या थरांमधला काळा शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक), वय २५ कोटी वर्षांहून अधिक.

शेलचे वाटाण्याएवढे तुकडे करून ते आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवावे लागतात. पहिल्याने चुन्याचा अंश जातो, दुसऱ्याने सिलिकेट खनिजे विरघळतात. हे दुसरे आम्ल काचही खाते, म्हणून त्याची सगळी भांडी प्लास्टिकची. शिवाय त्याचा थेंब कातडीवर पडला तर पुष्कळदा लगेच दुखतही नाही, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल शेजारी असल्याशिवाय मी त्या बाटलीला हात लावत नाही. दगड जातो आणि बीजाणू उरतात, कारण त्यांचे कवच ज्या स्पोरोपोलेनिनचे असते त्याला ही आम्ले विरघळवू शकत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली मी आधी शोधते ती तीन रेषांची खूण. चार बीजाणू एकमेकांना चिकटून तयार होतात, प्रत्येकाला उरलेल्या तिघांचा स्पर्श असतो, आणि ते सुटे झाले की त्या स्पर्शाच्या सीमा तीन रेषांच्या रूपाने प्रत्येकाच्या अंगावर राहतात. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या कणावर, कोट्यवधी वर्षांनंतर, ही खूण स्पष्ट दिसते.

याच खुणेने मला एकदा फसवले. एका पावसाळ्यात, एकाच नमुन्याच्या स्लाइडींवर, ही खूण असलेले गुळगुळीत त्रिकोणी बीजाणू मला इतके मिळाले की त्या थराच्या काळी तिथे नेच्यांनी भरलेली दलदल असावी, असे मी अहवालाच्या मसुद्यात लिहूनही टाकले. मग रंगाकडे लक्ष गेले. जमिनीत पुरल्यावर उष्णता वाढत जाते तसा बीजाणूचा पिवळा रंग नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळा होतो. तेल शोधणारे भूवैज्ञानिक याच रंगावरून खडक किती तापला होता याचा अंदाज बांधतात. शेजारचे ग्लॉसोप्टेरिसचे, म्हणजे त्या काळच्या एका नामशेष झाडाचे, दोन पिशव्यांचे परागकण व्यवस्थित तपकिरी होते, आणि माझे नेचे मात्र फिकट, आत पेशीद्रव्य शाबूत असलेले. आम्लातून गेलेल्या, २५ कोटी वर्षे जुन्या बीजाणूत पेशीद्रव्य कुठून असणार?

उत्तर खिडकीबाहेर होते. प्रयोगशाळेच्या भिंतीतल्या फटीत हंसराज हा नेचा वाढला होता आणि त्याच्या पानांच्या मागच्या कडांना बीजाणूंची तपकिरी पट्टी भरून आली होती. स्लाइडी वाळत ठेवल्या होत्या त्या त्याच उघड्या खिडकीखाली. दोन महिन्यांची मोजणी बाद झाली. आता प्रत्येक खेपेला नमुन्याविना एक कोरी स्लाइडही मी शेजारी वाळवते आणि तिच्यावर काय पडले ते आधी तपासते.

तो हंसराज मी मुळासकट उपटला होता. यंदाच्या श्रावणात तो त्याच फटीत परत आला आहे, आणि या वेळी त्याचे बीजाणू झाडून घेऊन, तारीख घालून, मी त्यांची तुलनेसाठी वेगळी स्लाइड केली आहे.