माजिवडा ते घोडबंदर, साष्टीच्या काठाने

घोडबंदर रोड म्हटलं की ठाणेकरांच्या तोंडी पहिला शब्द ट्रॅफिक. तरीही माझी मनापासून विनंती आहे, एकदा हा रस्ता माजिवड्यापासून शेवटपर्यंत, मध्ये उतरत, बघत जा. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर गेलात तर फारच उत्तम. मी तशीच गेले.

हा रस्ता मुळात एका बंदराकडे जाणारा. साष्टी हे बेट, आणि घोडबंदर त्याच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीवर. अरबी घोडे इथे उतरत, असं सांगतात. या बंदराकडे दोन रस्ते येत, एक ठाण्याहून आणि दुसरा वांद्र्याहून. तो दुसराही घोडबंदर रोडच होता. आज मुंबईकर त्याला एस. व्ही. रोड म्हणतात. ठाण्याच्या बाजूने मात्र जुनं नाव टिकलं, याचा मला अभिमान आहे. ठाण्यात आणि घोडबंदरला, दोन्हीकडे पोर्तुगीजांचे किल्ले. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ मध्ये ते दोन्ही घेतले. साष्टी हातात आली आणि दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, वसईही पडली. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे.

कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा. बसच्या खिडकीतून टॉवर आणि मेट्रोचे खांब दिसत राहतात, पण थांब्यांची नावं अजून गावांची आणि पाड्यांचीच. हा पट्टा मी बसमधूनच उरकला.

गायमुखला उतरले. इथून खाडी उजव्या हाताला लागते, पुढे घाट सुरू होतो आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल रस्त्याला भिडतं. कडेला एक आदिवासी मावशी पानांवर शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, मांडून बसल्या होत्या, बाजूला काकडांचा, शेवळांत घालायच्या आंबट रानफळांचा, छोटा वाटा. मी नुसतीच शेवळं उचलली, तर म्हणाल्या, "काकडं पण घे गं, नायतर घसा खाजंल." दोन्ही घेतलं.

घाटाबद्दल मात्र जीव तुटतो. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक याच चिंचोळ्या वळणांवरून जातात. पावसात खड्डे पडतात आणि मग रांगा थेट गायमुखपर्यंत. जंगल लागून असल्याने या रस्त्यावर गाड्यांच्या धडकेने बिबटेही मेले आहेत. २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. मानपाड्याजवळच्या टिकुजिनीवाडीपासून बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत, डोंगराच्या पोटातून. बोरिवलीच्या गाड्या तिकडे वळल्या तर घाटाला थोडा तरी श्वास मिळेल. बिबट्यांसाठी निदान रात्री तरी इथे वेग आवरायला हवा, बोगदा होईपर्यंत थांबायची त्यासाठी गरज नाही.

पुढे घोडबंदर गाव. टेकाडावरच्या किल्ल्यात नक्की चढा. वर उभं राहिलं की ही जागा का निवडली ते कुणी सांगावं लागत नाही: खाली खाडी, समोर वसईकडचे डोंगर, येणारं-जाणारं प्रत्येक गलबत नजरेच्या टप्प्यात. आता इथून जवळच, वरसाव्याला, मुंबई-अहमदाबाद महामार्ग पुलावरून खाडी ओलांडतो. जुन्या पुलाशेजारचा नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. घाटात माझ्या मागे-पुढे असलेले ट्रक त्याच्यावरूनच पलीकडे गेले.