फेंडर आणि बॉडीमधली बीडिंग कशी बसवावी

जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीचं काम काढलं की इंजिन, रंग, सीट यांच्यावर सगळा जीव ओतला जातो. फेंडर (चाकावरचा मडगार्ड) आणि बॉडीच्या सांध्यातली बारीक गोल पट्टी, म्हणजे बीडिंग, शेवटच्या दिवशी घाईत कोंबली जाते. ती निव्वळ शोभेची नाही. दोन रंगवलेले पत्रे एकमेकांवर घासू नयेत, हे तिचं खरं काम. पत्रे घासले की रंग जातो, आणि मग खानापूर-जांबोटीकडच्या पावसात चाकामागं बसलेला लाल चिखल त्या सांध्यात महिनोन्‌महिने ओला राहतो. गंज तिथूनच सुरू होतो.

म्हणून पहिला नियम: फेंडर गाडीवरून उतरवूनच रंगवायचे. बसवलेल्या फेंडरवर मास्किंग टेप मारून फवारणी केली, तर सांध्यातला पत्रा आतून उघडाच राहतो. बीडिंग लावून वरून रंग मारणं त्याहून वाईट. मऊ पीव्हीसीवर तो रंग टिकत नाही, तडकतो आणि कडेनं सोलतो. रंगकाम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. पावसाळी दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते.

रंगाआधी एकदा फेंडर कोरडा लावून बघा. सांध्याच्या पट्टीवर लांबी (पुट्टी) जाड भरलेली असेल तर ती घासून काढा, नाहीतर बीडिंग तिथं उचलली जाते आणि बाहेरून लाट दिसते. लांबीनं सांधा जुळवू नये, पत्रा ठोकूनच जुळवावा.

बीटलचे फेंडर-बोल्ट एम ८ (८ मिमी जाडीचे), दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी, आणि पाना बहुधा १३ चा लागतो. नट बॉडीतच पक्के असतात आणि बहुतेक गंजलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट जोर करून फिरवला की तुटतो, म्हणून थोडा सोडवायचा, परत आवळायचा, पुन्हा सोडवायचा. नंतर एम ८ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपची कमी नाही, टॅप तिथं कुणाकडंही असतो. आटे पार गेलेच आणि नवीन नटात आटे पाडायचे असतील तर त्याआधीचं भोक ६.८ मिमीचं.

गाडी मॉरिस मायनर किंवा तिच्यावरच बेतलेली बेबी हिंदुस्थान असेल तर इथं जपून. तिचे आटे इंची. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळं एम ८ चा बोल्ट सुरुवातीला गेल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर नट खराब करतो.

आता बीडिंग. सांध्याच्या कडेनं सुतळी धरून लांबी मोजा आणि दोन्ही टोकांना ५ सेंमी जास्त ठेवा. बीडिंगला गोल कड असते आणि मागं चपटी शेपटी. शेपटीला बोल्टाच्या जागी खाच पाडावी लागते. फेंडरवर धरून खडूनं खुणा करा, १० मिमीच्या पंचनं भोक पाडा आणि तिथून शेपटीच्या कडेपर्यंत दोन सरळ काप द्या. नुसत्या कात्रीनं टोकदार खाच केली तर ताण आल्यावर ती टोकातून गोल कडेपर्यंत फाटते. फेंडरच्या कमानीवर शेपटी आतल्या बाजूला येते, म्हणून तिथं ती गोळा होते. दोन खाचांच्या मधे तिला छोटे त्रिकोणी काप द्या, मग सपाट बसते. थंडीत पीव्हीसी कडक होतं, आधी गरम पाण्यात ठेवलं की वळतं.

फेंडर वरच्या दोन-तीन बोल्टांवर टांगा, मग बाकीचे सगळे बोल्ट चार-पाच फेऱ्या लावून सैलच ठेवा. फटीत ५-६ मिमी जागा राहिली पाहिजे. आटे आणि वॉशरला ग्रीस लावायला विसरू नका. बीडिंग वरून खाली सरकवत प्रत्येक खाच बोल्टावर बसवा. या कामाला दोन माणसं लागतात: एकानं बाहेरून गोल कड सांध्यावर धरायची, दुसऱ्यानं आतून आवळायचं. आवळणं मधल्या बोल्टापासून दोन्हीकडं, आणि दोन फेऱ्यांत. एका टोकापासून पूर्ण आवळत गेलात तर शेवटच्या टोकाला सगळा फुगवटा जमा होतो आणि पुन्हा सगळं सोडवावं लागतं. कड सारखी बसली की थांबा. जास्त आवळलं तर शेपटी चिरडून कड बाहेर ढकलली जाते.

सांध्यात सीलंट भरायचा असेल तर आंबट वासाचं सिलिकॉन नको. त्यातला आम्ल उघड्या लोखंडाला गंजवतो. न्यूट्रल (आंबट वास नसलेलं) सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन घ्या आणि तोही फक्त आतल्या बाजूनं.

टोकं लगेच कापू नका. उन्हात बीडिंग आखडते आणि कापलेलं टोक आत जाऊन फट दिसते. गाडी आठवडाभर उन्हात उभी राहू द्या, मग धारदार ब्लेडनं कापा. रनिंग बोर्डचे (दाराखालच्या लांब पायरीचे) बोल्ट मात्र फेंडर पक्के झाल्यावरच आवळायचे, नाहीतर बोर्ड फेंडरला ओढतो आणि खालच्या टोकाला बीडिंग मोकळी पडते.