तिशीतला ‘कमी धोका’

माझ्या धाकट्या भावाचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ३०व्या वर्षी २४० निघाले, तेव्हा वय, रक्तदाब, धूम्रपान आणि मधुमेह एवढी माहिती संगणकात भरून पुढील १० वर्षांत हृदयविकाराचा धोका ‘कमी’ असल्याचे त्याला सांगण्यात आले. आमचे वडील ४२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, हे नोंदवायला त्या तक्त्यात जागाच नव्हती. तो ‘कमी’ हा शब्द मला अजूनही सलतो.

असे तक्ते सर्वसामान्य लोकसंख्येच्या पाहणीतून तयार झाले आहेत. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेला अभ्यास हा त्यांचा मूळ स्रोत. त्या लोकसंख्येत कोलेस्टेरॉल बहुधा वयाबरोबर हळूहळू वाढलेले असते. आमच्या घरात असलेल्या ‘फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया’ या आनुवंशिक विकारात मात्र ते जन्मापासूनच जास्त असते, कारण रक्तातले एलडीएल ओढून घेणारे यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर जनुकातील दोषामुळे अपुरे पडतात. या रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा विकार असतो आणि आई-वडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

मला या विषयात सर्वांत बोलके वाटते ते एक ढोबळ गणित. एलडीएलची पातळी आणि ती रक्तात राहिलेली वर्षे यांचा गुणाकार केला, तर भावाच्या धमन्यांनी तिशीपर्यंत २४० गुणिले ३०, म्हणजे ७,२०० एवढा भार सोसलेला होता. ज्याची पातळी आयुष्यभर १२० राहिली, तो माणूस या आकड्याला साठीत पोहोचतो. पुढच्या १० वर्षांपुरते पाहणारा आणि तरुण वयालाच सुरक्षितता समजणारा तक्ता हा साचलेला भार पाहूच शकत नाही.

तरीही सगळ्यांचे भवितव्य सारखे नसते. आमची आत्या हाच दोष घेऊन सत्तरी ओलांडून गेली. म्हणूनच या विकाराच्या रुग्णांसाठी वेगळी समीकरणे तयार झाली. स्पेनमधील रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातून २०१७ साली मांडलेल्या ‘सेफहार्ट’ समीकरणात वय, लिंग, आधीचा हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार, रक्तदाब, वजन, धूम्रपान आणि एलडीएल यांबरोबर लायपोप्रोटीन (ए) हा रक्तातला एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा घटकही धरलेला आहे. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवर ठरते, त्यामुळे बहुतेकांना ती आयुष्यात एकदा मोजणे पुरते, आणि तरीही ही तपासणी किती जणांना सांगितली जाते, याची मला काळजी वाटते. सीटी स्कॅनमध्ये हृदयधमन्यांतील कॅल्शियम दिसले, तर धोका प्रत्यक्ष आकाराला आल्याचे कळते. तरुणपणी ते शून्य आले, तरी धमन्यांत कॅल्शियम न साचलेले चरबीचे थर असू शकतात, म्हणून त्या शून्यावर औषध थांबवणे मला चुकीचे वाटते. धोक्याच्या अंदाजाने उपचार किती जोरकस हवेत एवढेच ठरवावे. ते करायचे की नाही, हा प्रश्न निदानाबरोबरच संपलेला असतो.

भावाचे लायपोप्रोटीन (ए) वाढलेले निघाले, माझे नाही. त्यामुळे स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला त्याला दुसरे औषधही सुरू झाले. त्याची मुलगी आता ८ वर्षांची आहे. या विकारात स्टॅटिनचा विचार ८ ते १० वर्षांच्या वयापासून होऊ लागतो, म्हणून तिच्या रक्ताची तपासणी आम्ही याच महिन्यात करून घेत आहोत.