पाण्याची पाळी

आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. आलं की हाक पोरीलाच, पोरगा मैदानावर. माझ्या भाचीला क्रिकेटचं वेड, पण ‘पोरींचं काय काम?’ ऐकलं की गप्प. तिला किरण नवगिरेबद्दल सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातली. २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२! टी-ट्वेंटीत दीडशे ओलांडणारी पहिली भारतीय.

"मावशी, पुरुषांत धरूनसुद्धा?"

हो गं!

पण नुसत्या कौतुकानं पोरी धीट होत नाहीत, त्यांना वेळ मोकळा करून द्यावा लागतो. ताईशी भांडून घागरींची पाळी लावली: एकदा ती, एकदा भाऊ. तो कुरकुरतो. कुरकुरू दे की! ती पार्क मैदानावर जाते आता. पहिल्याच षटकात दोन वाईड टाकले म्हणे.