मोत्सार्टचा जी मेजरमधला फ्लूट कॉन्चेर्तो

कॉन्चेर्तो म्हणजे एकट्या वाद्याला वाद्यवृंदाची साथ. हा आज लोकलमध्ये लावला आणि ठाणे आलं तरी हेडफोन काढवेना. मधला संथ भाग तर परतीच्या वाटेवरही पुन्हा ऐकला.

१७७८ च्या सुमाराचं हे काम. बाविशीतला मोत्सार्ट जर्मनीतल्या मानहाइममध्ये नोकरी शोधत होता. फर्डिनांड दे जाँ या हौशी वादकाने फ्लूटसाठी रचना मागितल्या, २०० गुल्डन (तिथलं तेव्हाचं चलन) कबूल केले. सगळं काम पुरं झालं नाही, हातात ९६ च पडले. त्याच काळात वडिलांना त्याने लिहिलं की, हे वाद्य मला सहन होत नाही, त्यासाठी लिहायचं म्हटलं की हातपाय गळतात.

आणि मग हा अदाज्यो, म्हणजे तोच मधला संथ भाग! पहिल्या भागात ओबो, म्हणजे सनईच्या जातीची फुंकवाद्यं, असतात. इथे ते गप्प होतात आणि त्यांच्या जागी वाद्यवृंदात दोन फ्लूट येतात. व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा छोटा चिमटा, चढलेला, त्यामुळे आवाज मऊ, जरा आतून आल्यासारखा. त्यावर एकट्या फ्लूटची लांब ओळ सुरू होते, खालून तिच्याच जातीचे दोन आवाज तिला धरून असतात. ज्याला वाद्य मनापासून नकोसं आहे तो असं लिहीलच कसा? वडिलांसमोरची ती तक्रार रखडलेल्या कामाची असावी, असं मला वाटतं.

त्या काळचा फ्लूट लाकडी, बहुधा एकाच चावीचा. बाकी भोकं थेट बोटांनी झाकायची, आपल्या बासरीसारखी. तसल्या फ्लूटवरचं रेकॉर्डिंग मिळालं तर आधी तेच ऐका. फुंकरसुद्धा ऐकू येते.