तुम्ही विचारलंत म्हणून: गावातल्या एकाला तरी पाठवलंस का?

"एवढ्या लोकांचे व्हिसे करतेस, गावातल्या एकाला तरी पाठवलंस का?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दहाव्याला विचारला गेलाय, धारूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना तर कितीदा तरी. मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर आला, शेजारी हसऱ्या तोंडाचं चित्र लावून. म्हणून एकदाच लिहून टाकते. नाही पाठवलं. एकालाही नाही.

आधी हे की व्हिसा मी देत नाही, वकिलात देते. मी पुण्यातल्या एका कंपनीच्या मोबिलिटी टीममध्ये आहे. आमची माणसं कुठल्या देशात कुठल्या परवान्यावर किती दिवस राहू शकतात, कर कुठं भरायचा, बायकोला तिथं नोकरी करता येते का, हे बघायचं. एखाद्या देशानं नियम बदलला की तो पूर्ण वाचायचा आणि आता आपण काय करायचं हे वरच्यांना दोन पानांत लिहून द्यायचं. हे दुसरं काम मला मनापासून आवडतं. लॉ केल्याचं तेवढंच चीज.

तरीही "तुझ्या हातात असतंच की" म्हणणारे आहेत. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे, त्यातले २० हजार तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी राखलेले. मागणारे कितीतरी पट जास्त, म्हणून सोडत निघते. सोडत माझ्या हातात असती तर मी लॉटरीचं दुकान टाकलं असतं.

२०२५ च्या सप्टेंबरात, १९ तारखेला, नव्या एच-वन-बी अर्जामागं एक लाख डॉलर भरायचे असा आदेश वॉशिंग्टनहून निघाला. आपल्याकडं शनिवार उजाडत होता. आधीच व्हिसावर असलेली माणसं सुट्टीला घरी आली असतील तर त्यांना तो लागू की नाही, हे कुणालाच नीट कळेना. मी दिवसभर यादी करत बसले. कोण सर्वपित्रीला नागपूरला आलाय, कोण दुबईच्या विमानतळावर बसून आहे, कुणाची बायको तिकडं एकटी आहे. रविवारी खुलासा आला की जुन्यांना लागू नाही. त्या दोन दिवसांत एकेका इंजिनिअरमागं वकील, प्रवासवाला, मी आणि माझा साहेब असे चार-चार जण जागे होते. मला सारखा आमचा तो चुलतभाऊ आठवत होता. त्याच्यामागं एकटी मी होते, आणि मी काय केलं ते आता सांगते.

२०१८ चा दसरा. ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच, विहिरीत कळशी बुडत नव्हती. मी चार दिवसांची रजा काढून आले होते. धाकट्या चुलत्यांचा पोरगा, नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, दुपारी मोबाइल घेऊन आला.

"आक्का, हे बघ की जरा."

ऑफर लेटर होतं. शारजा, हेल्पर, दीड हजार दिरहम, राहणं कंपनीचं. खाली निळा गोल शिक्का. शारजाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. आणि व्हिसा, व्हिजिट.

"किती मागितले?"

"नव्वद हजार. वीस दिलेत."

"पासपोर्ट कुठंय?"

"त्यांच्यापाशीच हाय."

त्याचं शिक्षण नववी. दहावी नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे मंजुरी लागेल असा शेरा. अशा माणसाला आखातातल्या आणि आणखी काही, अशा १८ देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या कायद्याप्रमाणं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यासाठी कामाचा करार लागतो, विमा लागतो, मधला माणूस नोंदलेला लागतो. व्हिजिट व्हिसावर यातलं काहीच लागत नाही, कारण कागदावर तो शारजा बघायला निघालेला असतो. तिथं पगार बुडाला तर दाद कशी मागणार? फिरायला आलेल्याला पगार असतो का?

सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेल्या एजंटांची यादी असते. तीत हा नव्हता. नोंदलेल्यालाही ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी याच्या वर घेता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. चुलती चुलीपुढनं म्हणाली, "ऊसतोडीचा मुकादम तरी आधी पैसा देतो बाई. ह्यो उलटा आपल्याकडूनच घ्यायलाय."

मी हसले होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तालुक्याला गेलो. मोबाइलच्या दुकानावरचा माळा. टेबलावर पासपोर्टांची चळत, रबर लावलेली, वरच्या पासपोर्टच्या कडेला हळदीचा डाग. मी नोंदणी नंबर विचारला. "ताई, आपण मुंबईच्या ऑफिसचं काम बघतो." मी कलम १० सांगितलं, नोंदणीशिवाय भरतीचा धंदा करता येत नाही म्हणून. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, १९६७ च्या कायद्यात तसं लिहिलंय, तो तुम्ही ठेवून घेऊ शकत नाही, हेही सांगितलं. आवाज चढला होता माझा. त्या माणसाचा नाही चढला. त्यानं शांतपणे रबर काढलं, चळतीतनं पासपोर्ट शोधून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पैशाचं बघू." ते वीस हजार अजून बघतोच आहोत.

जिना उतरताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. स्टँडवर मी त्याला उसाचा रस पाजला.

संध्याकाळी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या ओसरीवर चुलते आले, तो आला, त्याची बायको दाराआड उभी राहिली. अण्णांनी वही काढली. एका कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोचे, ८० हजार उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ मजुरी. नोटरीचा कागद तयारच होता, फक्त नाव भरायचं होतं. एजंटाला दिलेले वीस हजार व्याजानं काढलेले होते, ते याच उचलीतनं फिटले. मी आत चहा गाळत होते आणि सगळं ऐकू येत होतं. आठ-दहा दिवसांनी बॉयलर पेटायच्या बेतानं टोळी कोल्हापूरकडं निघाली. कारखान्याचा बॉयलर पेटला की हंगाम सुरू, पट्टा पडला की संपला. त्याची तिसरीतली पोरगी पण ट्रॉलीत होती, भांड्यांच्या पोत्यावर बसलेली. हे मी पाहिलं नाही. पुण्याला परत आले होते. आईनं फोनवर सांगितलं.

एका मुकादमाच्या टेबलावरनं उचलून मी त्याला दुसऱ्याच्या वहीत नेऊन बसवलं, आणि तो दुसरा माझा बाप. माझ्या लॉ कॉलेजची फी त्याच वहीतल्या कमिशनची आहे, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. अण्णा वाईट नाहीत. उचल घेऊन पळालेल्यांचे पैसे त्यांनी पदरचे भरलेत, एका वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. पण टोळीतली बाई बाळंत झाली तरी पाचव्या दिवशी मोळी उचलते, हेही मी लहानपणी फडात पाहिलंय, आणि खाडा मांडलेली वहीही पाहिलीय.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत. शारजाला जाणाऱ्यासाठी कायदा आहे, अधिकारी आहे, विमा आहे. पाळत नाहीत तो भाग वेगळा. कोल्हापूरला जाणाऱ्यासाठी एक नोटरी. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, पण तो राज्याची हद्द ओलांडली तरच लागायचा. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेली टोळी निदान कागदावर त्यात बसायची, कोल्हापूरची तीही नाही. कामगाराकडून भरतीची फी घेऊ नये, असं आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात आहे. आपला कायदा फी घेऊ देतो, फक्त वरची मर्यादा घालतो. मीटिंगमध्ये मी यावर तावातावानं बोलते. बोलताना चुलतीचं वाक्य आठवतं. माणूस अडकवायला त्याच्याकडून पैसे घेतले काय नि त्याला दिले काय, तिनं चुलीपुढं बसून जे जोडलं ते जोडायला मला कितीतरी वर्षं लागली.

तुम्ही मला नेहमी पलीकडच्या वस्तीवरच्या पोराचं उदाहरण देता. त्याच एजंटाकडून, त्याच महिन्यात, व्हिजिटवरच गेला. पहिले चार महिने पगार नाही, एका खोलीत चौदा जण. मग एका क्लीनिंग कंपनीनं परवाना करून दिला. आता त्याचं स्लॅबचं घर आहे, बहिणीचं लग्न झालं. मान्य. पण त्या चळतीत पंधरा-वीस तरी पासपोर्ट होते. बाकीच्यांचं काय झालं, तुमच्यापैकी कुणी विचारलंय? घर बांधलेलाच तेवढा दिसतो. हे माझं उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. फक्त आमच्या त्याच्यासमोर मी ते देऊ शकत नाही, कारण तो त्या चळतीत नव्हताच. मी काढला होता.

२०१८ मधल्या माझ्याशी मी अजून भांडते. माणसाला खरी माहिती दिली की तो योग्य रस्ता धरतो, असं तिला वाटायचं. पण दुसरा रस्ता असायला तर हवा. तीही मुकाट ऐकून घेत नाही. म्हणते, पाठवून दिला असतास आणि तिकडं काही झालं असतं, तर? याला माझ्याकडं उत्तर नाही. तेव्हापासून मी कुणाचाच कागद बघत नाही. लिंक पाठवते, यादीत नाव तपासा म्हणते. तुम्ही त्याला माज म्हणता. थोडा असेलही. भीती जास्त आहे.

आणि ते जर्मनीचं. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, ते कात्रण मला निदान तीस जणांनी पाठवलं. चांगली गोष्ट आहे. आयटीआय केलेल्या, नर्सिंग केलेल्या पोरापोरींनी जर्मन शिकावं, जरूर शिकावं. पण त्यातल्या "कुशल" या शब्दाला शाळेचा कागद लागतो. बारा हंगाम उसाची मोळी बांधलेला माणूस त्यांच्या हिशेबात अकुशल.

त्याचा पासपोर्ट २०२७ मध्ये संपतोय. ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, एकही शिक्का न पडलेला. गेल्या पंधरवड्यात त्यानं पहिल्या पानाचा फोटो पाठवला. "आक्का, रिन्यू करू का?"

सात वर्षांत त्यानं पहिल्यांदाच काही विचारलं. मी लिहिलं, कर. पण आधी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बस. पास झालास की ईसीआर जातो, पुढचं मी स्वतः बघते.

"परीक्षा कव्हा असती?"

मी लिहिलं, मार्चमध्ये.

बराच वेळ वर टायपिंग दिसत होतं. मग आलं, "मार्चात पट्टा पडत नसतो, आक्का."