कानातली शिट्टी आणि बाहेरचे आवाज : टिनिटससोबत जगण्याचा माझा अनुभव

कानात चोवीस तास बारीक शिट्टी वाजते आहे (बाहेर आवाज नसताना असं ऐकू येणं म्हणजेच टिनिटस) आणि शेजारी कुणी ताटलीवर चमचा आपटला तरी कळ जाते, अशा अवस्थेत माणूस आधी शांततेकडे पळतो. खिडक्या बंद, कानात बोळे, चार माणसांत बसणं बंद. या दोन्ही त्रासांसोबत बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की सुधारणेची वाट याच्या बरोबर उलट दिशेला आहे. कानाला हलका, सुसह्य आवाज सतत मिळत राहायला हवा आणि संरक्षण फक्त खऱ्या गोंगाटापुरतं हवं.

असं का? आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींकडून येणारा संदेश कमी पडला की मेंदू ऐकण्याची पातळी आपणहून वर नेतो. त्या वाढीव पातळीत मज्जातंतूंची एरवी जाणवत नाही अशी हालचालही ऐकू येऊ लागते. शांततेतही हेच घडतं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा ९४ टक्के लोकांना कानात काही ना काही ऐकू आलं. पुढे असंही दिसलं, की दोन आठवडे सतत इअरप्लग घालणाऱ्यांना नंतर तेच आवाज जास्त मोठे वाटू लागतात आणि तितकाच काळ कानाशी हलका खरखराट ठेवणाऱ्यांची सहनशक्ती वाढते. घरात बसून प्लग घालायचा मोह होतो, तेव्हा मी ही गोष्ट स्वतःला आठवून देते.

तपासणी मात्र आधी. अचानक एका कानाचं ऐकणं गेलं तर तीच तातडीची बाब समजा. त्यात स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, सगळ्यात जास्त होतो. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याचा कमकुवतपणा असेल, तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावं. बाकीच्यांनी सवडीने गेलं तरी चालतं, पण जायचंच. कधी नुसता मळ पडद्याला टेकलेला असतो, कधी एखादं औषध कारणीभूत असतं. जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, काही प्रतिजैविकं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मलेरियावरचं क्विनाइन ही त्यातली ओळखीची नावं. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका.

ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत होते. आवाज सहन होत नसेल तर खोलीत शिरायच्या आधीच ऑडिओलॉजिस्टना (ही तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना) तसं सांगा. कानाच्या स्नायूचा रिफ्लेक्स तपासताना बरेच मोठे टोन सोडतात. तो भाग पुढे ढकलता येतो, किंवा गरज नसेल तर वगळता येतो. कोणत्या पातळीला आवाज असह्य होतो त्याची चाचणी करायची तर टोन हळूहळू चढवायला सांगा आणि थांबवण्याची खूण आधी ठरवा. बहुतेकांची ही मर्यादा ९० ते १०० डेसिबलच्या आसपास असते, आपली बरीच खाली येते. एमआरआय सांगितला असेल तर फोमचे प्लग आणि वर इअरमफ अशी दुहेरी सोय मागून घ्या, कारण ते यंत्र खरोखरच फार मोठ्याने वाजतं.

शिट्टीची पट्टी आणि जोर यांचं मापही काढतात. जोर बहुधा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा दहा डेसिबलपेक्षाही कमीच वर निघतो. आकडा बघून कुणी ‘एवढंच?’ म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. या आकड्याचा त्रासाशी फारसा संबंध नसतो. त्रास मोजायला टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही २५ प्रश्नांची यादी आहे : ‘होय’ला ४ गुण, ‘कधीकधी’ला २, ‘नाही’ला ०. मी ती तीन-तीन महिन्यांनी भरते. रोजची नोंद ठेवू नये. आज किती वाजतंय हे बघायला रोज कान लावला की नेमकं जे विसरायचं तेच पाठ होतं.

औषधांचं थोडक्यात : टिनिटस थांबवणारी खात्रीची गोळी आज नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन घेऊ नयेत असं डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्र जरूर लावून बघा, कारण हरवलेले आवाज परत आले की पुष्कळांची शिट्टी मागे पडते.

आता रात्र. पाऊस, वाहतं पाणी, पंखा, पिंक नॉइज (खालच्या पट्टीवर भर असलेला एकसारखा खरखराट), ज्याचा कंटाळा येत नाही ते निवडा. व्हाइट नॉइजमधला वरच्या पट्टीचा ‘सूं’ आवाज संवेदनशील कानाला बोचतो, त्यामुळे मी त्यापेक्षा खालच्या पट्टीचे आवाज घेते. मोबाइलचा आवाज शून्यावरून एकेक पायरी वाढवा. पाऊस आणि शिट्टी एकमेकांत मिसळू लागतात तिथे थांबा आणि एक पायरी खाली या. दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय व्हायला वावच राहत नाही. संशोधक पावेल जास्त्रेबॉफ यांच्या १९९०च्या मॉडेलवर उभी असलेली टिनिटस रीट्रेनिंग थेरपी याच तत्त्वावर चालते आणि तिला एक ते दोन वर्षं लागतात.

यातही बिघडतं ते बारक्या गोष्टींनी. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग फिरवून लावलं की कान त्यातला सांधा पकडतो, मग झोपेऐवजी त्याचीच वाट बघणं सुरू होतं. तासाभराहून लांब फाइल घ्या. टायमर लावू नका, कारण मध्यरात्री आवाज अचानक थांबला की त्यानेच जाग येते. स्पीकर उशाशी न ठेवता हातभर लांब ठेवा आणि हाच आवाज दिवसाही शांत खोलीत चालू ठेवा.

आवाजाच्या त्रासावरचं काम जास्त नाजूक आहे. त्रास देणाऱ्या आवाजांची यादी करून प्रत्येकाला ० ते १० गुण द्या आणि सुरुवात ३ गुणांच्या आवाजापासून करा. आधी आवाज आपल्या हातात हवा. ताटल्यांचं उदाहरण घ्या. पहिले काही दिवस ताटल्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, दहा मिनिटं, काहीतरी वाचताना. त्रासाचा आकडा निम्म्यावर आला की आवाज एका पायरीने वर. नंतर स्वतःच्या हाताने ताटल्या रचायच्या, प्रथम खाली कापड घालून, मग कापडाशिवाय. सगळ्यात शेवटी दुसरं कुणी रचत असताना त्याच खोलीत थांबायचं. आवाज कधी येणार हे ठाऊक नसणं हीच सगळ्यात अवघड पायरी असते. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, म्हणजे ते दबकत वावरणार नाहीत आणि मुद्दाम आपटणारही नाहीत.

एका दिवशी एकच गोष्ट वाढवा, एकतर आवाज नाहीतर वेळ. झोप झाली नसेल त्या दिवशी आहे तिथेच थांबा. ज्यांना आवाज नुसता मोठा न वाटता कानात जळजळ किंवा ठणका लागतो, त्यांनी याहून सावकाश जावं, कारण ठणका पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटतो. तो उमटला तर दोन पायऱ्या मागे येऊन आठवडाभर तिथेच राहा. ही वाटचाल ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली झाली तर उत्तम.

संरक्षणाचा हिशेब मी असा ठेवते : ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतं, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी. म्हणजे ८८ला चार तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. मोबाइलवरचं मीटर अंदाजापुरतंच असतं, म्हणून मी ८० दिसलं की प्लग घालते आणि ७५च्या खाली घालत नाही. गप्पा, प्रवास यांसाठी आवाज १५ डेसिबलने कमी करणारे फिल्टरवाले प्लग चांगले, त्यात बोलणं स्पष्ट राहतं. यंत्रांच्या कडकडाटात फोमचे हवेत. फोमचा प्लग बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. निम्मा बाहेर राहिलेला प्लग जवळजवळ काहीच अडवत नाही. गोंगाटातून बाहेर पडलात की लगेच काढा. आवाज रद्द करणारे हेडफोन एकसुरी घरघर छान कमी करतात, पण अचानक होणारा खणखणाट त्यांना पेलत नाही.

जबडा घट्ट आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर शिट्टी बदलते का, तेही एकदा बघा. बदलत असेल तर जबडा आणि मानेवरच्या फिजिओथेरपीने उतार पडू शकतो. आणि आवाजापेक्षा त्याची धास्तीच जास्त छळत असेल तर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) या समुपदेशन पद्धतीचा आधार भक्कम आहे. शिट्टी तितकीच राहते, पण तिने दिवस खाऊन टाकणं कमी होतं.

मधूनच शिट्टी चढते. अपुरी झोप, सर्दी, ताण, आदल्या दिवशीचा गोंगाट, कधी काहीच कारण नाही. अशा वेळी मी नवा उपाय शोधत नाही. ताटल्यांचा सराव त्या दिवसापुरता सोडते, पावसाचा आवाज चालू ठेवते आणि हातातलं काम पुढे नेते. बहुतेक चढ तासांत किंवा दोन-चार दिवसांत ओसरतात. दोन आठवड्यांनंतरही उतरला नाही तर ऑडिओमेट्री पुन्हा करून घ्यावी आणि जुना आलेख सोबत न्यावा. चढासोबत ऐकणं कमी झाल्यासारखं वाटलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.